बेसबॉल खेळून पहिल्यांदा पैसे कोणी घेतले? (पोरींनी विचारलंय)

पीटीबाई

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी पीटी शिकवते. तीन वर्षांपूर्वी कपाटातून बेसबॉलचं सामान निघालं. दोन बॅटी, सात ग्लव्ह्ज (त्यातले दोन डावखुऱ्यांचे आणि आमच्याकडे डावखुरी एकही नाही) आणि कॅचरचा (बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलते तिचा) एक मास्क. कबड्डी, खो-खोला जिल्ह्यात गर्दी असते, बेसबॉलला संघच कमी. नंबर लागेल, ग्रेस मार्क मिळतील म्हणून सुरू केलं, खोटं कशाला बोलू. आता पोरींना खरंच नाद लागलाय. बहुतेकींच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, मैदानावर दोन्हीची भेळ. मास्कला त्या पिंजरा म्हणतात.

परवा सराव संपल्यावर आमच्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, मध्ये उभी राहते ती) विचारलं, "बाई, ह्याच्यात पैसे कधीपासून मिळायला लागले? पहिल्यांदा कुणी घेतले? आणि पोरींना कधी मिळाले का?" हजार विड्यांमागे आईच्या हातात किती पडतात ते ही पोर झोपेतसुद्धा सांगेल, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. मला उत्तर येईना. वर्गात एक थर्मोकोलचा चार्ट आहे, त्यावर 'बेसबॉलचा शोध: ॲबनर डबलडे, १८३९' एवढंच आहे.

जंत्री नको. पाणी प्यायला सावलीत बसल्यावर सांगता येतील अशा खऱ्या गोष्टी हव्यात. उद्या आमचा नळाचा दिवस आहे, मी रात्रीच उत्तरं बघेन.

शेंगाचटणी

बाई, आधी तो चार्ट उतरवा. बाकीचं जॅकार्ड मास्तर सांगतील, त्यांची लेक तिकडंच असते. ओ मास्तर, उठा.

जॅकार्ड_मास्तर

उठलोच होतो मालक. मिलचा भोंगा बंद पडून इतकी वर्षं झाली तरी पाचला जाग येते.

ओळख सांगतो, म्हणजे मी हे कशाला बोलतोय ते कळेल. वडील जुन्या मिलमध्ये होते, मी चादरीच्या कारखान्यांत चौतीस वर्षं जॅकार्डवर (नक्षी विणायच्या मागावर) काढली. लेक अमेरिकेत सिनसिनाटीला असते, दोनदा सहा-सहा महिने राहून आलो. नातू मैदानावर, जावई कामावर, मग मी लायब्ररीत. इंग्रजी हळू वाचतो, पण वाचलेलं विसरत नाही.

चार्ट उतरवा हे बरोबर. डबलडे अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनापती. त्याने कूपरस्टाउन गावात खेळ काढला असं एका समितीने १९०७ च्या शेवटी ठरवून टाकलं, ते मुख्यतः एका म्हाताऱ्याच्या पत्रावरून. १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटला सैनिकी शिक्षण घेत होता. तरी त्याच गावात १९३९ ला बेसबॉलचं मोठं संग्रहालय उघडलं आणि लोक आजही रांगा लावतात. आपल्याकडं प्रत्येक डोंगरात पांडव एक रात्र मुक्कामाला असतात, तसंच हे. खेळ आला तो इंग्रज पोरांच्या चेंडूफळीतून, हळूहळू बदलत. पोरींना सांगा, १८६४ पर्यंत तिकडं 'एक टप्पा आउट' होतं. एक टप्पा पडून झेललं तरी बॅटवाला बाद. आपण बोळात खेळतो तो नियम अमेरिकेतल्या मोठ्या क्लबांचा होता. नंतर त्यांना वाटलं हे पोरकट आहे, म्हणून काढला.

आता पैसे. सुरुवातीला हा सभ्य गृहस्थांचा क्लबातला खेळ. पैसे घेणं नियमात बसत नव्हतं, म्हणजे घ्यायचे पण टेबलाखालून. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा जिम क्रेटन नावाचा पोरगा होता. तेव्हा पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) हात खालूनच फिरवायचा, बॅटवाल्याला मारता येईल असा चेंडू द्यायचा. ह्याने खालूनच हात ठेवून असा वेग काढला की लोक म्हणाले, हा नियमात बसतच नाही. क्रिकेटही उत्तम खेळायचा. १८६० च्या सुमारास त्याला गुपचूप पैसे मिळत असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात, पावती अर्थातच कुणाकडं नाही. १८६२ च्या ऑक्टोबरात एका सामन्यानंतर पोटात काहीतरी फाटलं म्हणे आणि चार दिवसांत गेला. वय एकवीस. होमरन (एकाच फटक्यात सगळे बेस फिरून धाव) मारताना पोट फाटलं ही कथा पुढं तिखटमीठ लावून फिरली.

दुसरा लिपमन पाइक. १८६६ साली फिलाडेल्फियाच्या क्लबाने ह्याला आठवड्याला वीस डॉलर दिले. तक्रार झाली, सुनावणी लागली, आणि चौकशीला कुणीच फिरकलं नाही, कारण सगळ्यांचेच हात ओले. ह्याची खरी गोष्ट पुढची आहे, पोरींना आवडेल. १८७३ ला बाल्टिमोरमध्ये तो शंभर यार्ड घोड्याबरोबर पळाला. घोडं मागून सोडलं, ते बरोबरीला आल्यावर हा सुटला, आणि जिंकला. अडीचशे डॉलर घेतले. घोड्याचं नाव क्लॅरेन्स.

मग १८६९. माझ्या लेकीचं गाव. चोरून घेण्यापेक्षा उघड घ्या असं तेव्हाच्या बेसबॉल संघटनेने एकदाचं ठरवलं, आणि सिनसिनाटीच्या क्लबाने दहाच्या दहा माणसं पगारावर ठेवली. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करार. जॉर्ज राइट, शॉर्टस्टॉप (तुमच्या पोरीला मुद्दाम सांगा, सगळ्यांत जास्त पगार शॉर्टस्टॉपला होता), १४०० डॉलर. त्याचा भाऊ हॅरी कप्तान, १२००. पिचर ब्रेनर्ड ११००. बरेचसे ८००, आणि राखीव माणूस ६००. हे आकडे मी वहीत उतरवून आणलेत. मला त्यात मिलचं मस्टर दिसलं. ह्या लोकांची मूळ कामं बघा: एक संगमरवर कापणारा, दोघं टोप्या करणारे, एक पियानो बनवणारा, एक हिशेबनीस, कप्तान सोनारकाम शिकलेला. कारागीर मंडळी हो सगळी. वर्षभर हातोडा मारून जे मिळालं असतं त्यापेक्षा आठ महिन्यांत जास्त.

कप्तान हॅरी राइट जन्माने इंग्रज, शेफील्डचा. बाप न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात क्रिकेटचा पगारी माणूस, हॅरीलासुद्धा सिनसिनाटीला आणला तो क्रिकेट शिकवायला. म्हणजे बेसबॉलचा पहिला उघड पगारी संघ उभा केला एका क्रिकेटवाल्याच्या पोरांनी. हे वाचून मी लायब्ररीत एकटाच हसलो, शेजारच्या बाईंनी वळून बघितलं.

त्या मोसमात हरले नाहीत. नवा रेल्वेमार्ग झाला होता, त्यावरून पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन खेळून आले. हरले ते १४ जून १८७० ला, ब्रुकलिनमध्ये, अटलांटिक क्लबाकडून. नऊ डावांनंतर ५-५. ब्रुकलिनवाले म्हणाले, बरोबरी धरा, चला घरी. ते निघालेसुद्धा. हॅरी म्हणाला, नियमात पुढं खेळायचं लिहिलंय, खेळा. अकराव्या डावात ह्यांनी दोन धावा काढल्या, त्यांनी तीन. ८-७. बरोबरी घेतली असती तर अजिंक्य राहिले असते. पोरींना विचारा, तुम्ही काय केलं असतं. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आणि पुढं काय झालं? हरल्यावर तिकिटं खपेनात. वर्ष संपताना क्लबाने सांगितलं, पुढच्या मोसमाला पगार नाही. हॅरी तीन माणसं आणि 'रेड स्टॉकिंग्ज' हे नाव घेऊन बोस्टनला गेला. मिल बंद पडली की मास्तर चांगले जॉबर घेऊन दुसरीकडं जातो, अगदी तसंच.

मुक्काम_हडपसर

मास्तर, छान लिहिलंत. पण एवढं गोड करू नका. पैसा आला आणि लगेच सट्टा आला, १८७७ चं लुईव्हिल विसरलात का? आणि त्या १८६९ च्या सामन्यांचे आकडेसुद्धा कुणी ५७ म्हणतं, कुणी ६५.

जॅकार्ड_मास्तर

आकड्याचं सोपं आहे. ५७ हे संघटनेतल्या क्लबांविरुद्धचे, बाकी गावोगावचे किरकोळ सामने धरले की वाढतात. हरलेले शून्य, ह्यावर वाद नाही.

सट्टा मात्र आधीपासून होता हो. पगार उघड होण्याच्या आधीही सामने विकले गेलेत. पण लुईव्हिलचं काढलंत ते बरं केलंत, कारण ती गोष्ट मला झोपू देत नाही.

१८७६ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या विल्यम हलबर्टने नॅशनल लीग काढली. आधीची संघटना खेळाडूंची होती, ही क्लबमालकांची. नावातच बघा, 'प्लेयर्स' शब्द जाऊन 'क्लब्स' आला. १८७७ मध्ये लुईव्हिलचा संघ ऑगस्टपर्यंत पुढं होता आणि एकदम सोपे सामने हरायला लागला. तारघरातले निरोप मागवले, त्यात 'सॅश' असा शब्द सापडला. तो आला की सामना विकला असं समजायचं. चौघांना आजन्म बाहेर काढलं. त्यात जॉर्ज हॉल, ज्याने लीगच्या पहिल्या वर्षी सगळ्यांत जास्त होमरन मारले होते. किती? पाच! आणि बिल क्रेव्हर, ज्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता, फक्त त्याने स्वतःच्या तारा उघडू दिल्या नाहीत.

आणि पिचर जिम डेव्हलिन. त्या वर्षी लुईव्हिलच्या लीगमधल्या सगळ्या सामन्यांतला प्रत्येक डाव ह्या एका माणसाने टाकला. बदली माणूसच नाही. शिवाय पगार थकलेले, आणि त्याच वर्षीपासून गणवेशाचे तीस डॉलर खेळाडूच्या पगारातून कापायला सुरुवात झालेली. विकलं हे चूकच. पण गुन्ह्याची शिक्षा झाली ती फक्त खेळणाऱ्यांना, पगार थकवणं हा गुन्हाच नव्हता.

नंतर डेव्हलिनने हॅरी राइटला पत्र लिहिलं. बोस्टनच्या मैदानाची राखण करतो, काहीही काम द्या. हलबर्टच्या कचेरीत तो फाटक्या कपड्यांत आला, गुडघे टेकले, हलबर्टने रडत रडत पन्नास डॉलरची नोट हातात ठेवली आणि परत घेणार नाही ते नाहीच म्हणाला, असं तिथं हजर असलेल्या, हलबर्टच्याच क्लबातल्या स्पाल्डिंगने लिहून ठेवलंय. शेवटी फिलाडेल्फियात पोलीस झाला आणि १८८३ मध्ये मेला. मागं बायको आणि पोर.

आता माझं जरा ऐका. १८७९ मध्ये मालकांनी गुपचूप ठरवलं की प्रत्येक क्लबाने पाच खेळाडू 'राखून' ठेवायचे, दुसऱ्या कुणी त्यांना कामावर घ्यायचं नाही. पाचाचे हळूहळू सगळे झाले. करार संपला तरी माणूस त्याच क्लबाचा. चांगला दर देणारा शेजारी असला तरी जाता येत नाही. आपल्या पूर्व भागात ह्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, ह्याला उचल म्हणतात. मी लग्नात एका मालकाकडून उचल घेतली होती. पलीकडच्या गल्लीत मजुरीचा दर चार आणे जास्त होता. गेलो की तिथला मालक चहा मागवायच्या आधी विचारायचा, "कुणाची उचल हाय?" फरक एवढाच की माझ्या हातात निदान पैसे पडले होते. ह्यांना उचल न देता बांधून ठेवलं.

जॉन वॉर्ड म्हणून एक खेळाडू होता, आधी पिचर, मग शॉर्टस्टॉप (बघा, परत शॉर्टस्टॉप), खेळता खेळता कोलंबियातून वकील झाला. त्याने १८८५ मध्ये खेळाडूंची युनियन काढली आणि १८९० ला तर खेळाडूंची स्वतंत्र लीगच उभी केली. बहुतेक नामवंत खेळाडू तिकडं गेले. वर्षभरात पैसे घालणारे भांडवलदार जुन्या मालकांशी आतून तडजोड करून मोकळे झाले. ही अट खऱ्या अर्थाने सुटायला १९७५ उजाडलं.

पीटीबाई

मास्तर, उचलीचं मी आज सांगितलं. पोरी गप्प झाल्या, मग एक म्हणाली, "आमच्या पप्पांची अजून फिटली नाय." मला पुढं बोलायला सुचेना, सराव लावला.

पण क्लॅरेन्स घोडं हिट आहे. आमच्याकडं पळण्यात जी शेवटची येते तिला आता क्लॅरेन्स म्हणतात.

एक अडचण. सातच ग्लव्ह्ज, त्यातले पाच कामाचे. पोरी कुरकुरतात, बिनग्लव्हचं कसं खेळायचं म्हणून. ह्यावर काही गोष्ट आहे का?

जॅकार्ड_मास्तर

आहे. बाई, पहिली कितीतरी वर्षं कुणाकडंच ग्लव्ह नव्हते. बोटं वाकडी असणं ही कॅचरची ओळख होती.

मोझेस फ्लीटवुड वॉकर. ओहायोत वाढला, कॉलेज शिकलेला, काळा. १८८४ साली टोलीडो संघाकडून मोठ्या लीगमध्ये ४२ सामने कॅचर म्हणून खेळला, बहुधा उघड्या हातांनीच. त्यांचा पिचर टोनी मलेन. कॅचर खुणेने सांगतो, कुठला चेंडू टाक, आणि पिचर टाकतो. मलेन काळ्या माणसाच्या खुणा मानायचा नाही, मनाला येईल ते टाकायचा. म्हणजे वॉकर पुढं काय येतंय ते माहीत नसताना उघड्या हातांनी झेलत होता. हे मलेनने म्हातारपणी स्वतः कबूल केलं, आणि वर म्हणाला की माझ्यासमोर बसलेला सगळ्यांत चांगला कॅचर तोच.

आदल्या वर्षी शिकागोचा कप्तान अँसन टोलीडोला आला आणि म्हणाला, हा खेळणार असेल तर आम्ही मैदानात उतरत नाही. टोलीडोचा मॅनेजर म्हणाला, मग तिकिटातला वाटा मिळणार नाही. अँसन उतरला. गल्ल्यापुढं विटाळ टिकला नाही, त्या दिवसापुरता. १८८७ पर्यंत मात्र मालकांनी आपसांत समजून घेतलं, काळ्यांशी नवे करार करायचे नाहीत. मोठ्या लीगमध्ये तर कुठं नियम लिहिलेलाच नव्हता, आणि १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत तो मोडलाही नाही.

न लिहिलेले नियम आपल्याला माहीत आहेत. मुंबईच्या गिरण्यांत दलितांना विणकाम खात्यात घेत नसत, जिथं पगार जास्त. कारण काय, तर मागावर आडवा धागा नेतो त्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही मागणी पुढं आणली. टोलीडोचं वाचताना मला धोटाच दिसत होता.

पोरींना एवढंच सांगा की ग्लव्ह नसला तर चेंडू येताना हात मागं घेत झेला, अंगावर घेऊ नका. हे वॉकरने नाही, माझ्या नातवाने शिकवलं.

शेंगाचटणी

मास्तरांनी सगळं सांगितलं, पण पोरीचा शेवटचा प्रश्न राहिलाच की. बायकांना पैसे मिळाले का? मी थोडं वाचलंय.

१८७५ ला इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला सोनेरी केसवाल्या विरुद्ध काळ्या केसवाल्या असा बायकांचा सामना तिकीट लावून झाला, खेळणाऱ्यांना पैसे होते. पण तो जरा तमाशाच, लोक बघायला यायचे ते चेंडू नव्हे. खरी गोष्ट लिझी आर्लिंग्टनची. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या भागातली, मॅहनॉय सिटीची. ५ जुलै १८९८, रेडिंग विरुद्ध ॲलनटाउन, पुरुषांची रीतसर धाकटी लीग. रेडिंग ५-० ने पुढं. शेवटचा डाव तिला टाकायला दिला. आली ती घोडागाडीतून, अंगात करड्या रंगाचा गणवेश, गुडघ्यापर्यंत स्कर्ट. तिन्ही बेस भरले (म्हणजे एक चांगला फटका बसला की धावा), लोकांचा श्वास अडकला, आणि एकही धाव न देता तिने डाव संपवला. तिला आठवड्याला शंभर डॉलर कबूल केले होते. म्हणावी तशी गर्दी होईना म्हणून लवकरच करार गुंडाळला आणि ती बायकांच्या फिरत्या संघांत गेली.

पीटीबाई

काल लिझीचं सांगितलं. शॉर्टस्टॉपने लगेच हिशेब मांडला, जॉर्ज राइटचे १४०० भागिले आठ महिने भागिले चार आठवडे. म्हणाली, "बाई, त्याला आठवड्याला चव्वेचाळीस पडतात. लिझीचा दर जास्त आहे." मी म्हटलं, अगं मध्ये तीस वर्षं गेली. तर म्हणाली, "मग माझ्या आईचा दर तीस वर्षांत एवढा का नाय वाढला?"

आणि कॅचर विचारत होती, पाच धावांनी पुढं असतानाच का टाकायला दिलं, बरोबरी असताना का नाही.

चार्ट उतरवला. त्या जागी काय लावायचं ते पोरी ठरवतायत, सध्या घोड्याच्या बाजूने मतं जास्त आहेत.

जॅकार्ड_मास्तर

कॅचर हुशार आहे, तिला पिंजऱ्यातून नीट दिसतं.

शनिवारी पार्ककडं यायचंच आहे, तिथून तुमच्या मैदानावर येतो. नातवाचा लहान झालेला एक ग्लव्ह घरात पडलाय. बघून ठेवलाय, उजव्यांचाच आहे.